सोलापूरच्या हवेत बुलडॉग पाळताना काय अपेक्षा ठेवावी?

शहाबादी (धागाकर्ता)

नमस्कार. सोलापुरात अलीकडे बुलडॉग पाळण्याची हौस वाढते आहे आणि पिल्लू घेण्याआधी चौकशी करणारेही बरेच भेटतात. आमच्या घरी इंग्लिश बुलडॉग लहानाचा मोठा झाला. त्या अनुभवाच्या आणि डॉक्टरांकडून वेळोवेळी समजून घेतलेल्या गोष्टींच्या आधारे हा धागा काढतो आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. बुलडॉग पाळणे म्हणजे त्याचा श्वास सांभाळणे. खाणे, फिरणे, झोपणे, प्रवास, औषधपाणी या सगळ्यांची आखणी त्या एका गोष्टीभोवती करावी लागते. आणि ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर मुक्काम ठोकून असतो, तिथे ती आखणी पिल्लू घरात येण्याआधीच झालेली असली पाहिजे.

प्रथम आपण कोणत्या कुत्र्याबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट असावे, कारण बुलडॉग या नावाखाली तीन निरनिराळी कुत्री विकली जातात. इंग्लिश बुलडॉग हा बुटका, रुंद छातीचा आणि लोंबत्या गालांचा असतो. नर साधारण २५ किलो आणि मादी २३ किलो वजनाची भरते. फ्रेंच बुलडॉग उभ्या, मोठ्या कानांचा आणि १३ किलोंच्या आतबाहेरचा असतो. अमेरिकन बुलडॉग उंच, लांब पायांचा आणि बऱ्याच ताकदीचा असून त्याच्या गरजा अगदीच वेगळ्या आहेत. मी लिहितो आहे ते मुख्यतः इंग्लिश बुलडॉगबद्दल. श्वासाबद्दलचे बहुतेक सगळे फ्रेंच बुलडॉगलाही लागू पडते.

या जातीचे पूर्वज इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याच्या क्रूर खेळासाठी तयार केले गेले. १८३५ साली कायद्याने तो खेळ बंद झाला. पुढे शौकिनांनी जातीचा स्वभाव मवाळ केला ही चांगली गोष्ट झाली, पण त्याच काळात प्रदर्शनांसाठी डोके अधिक मोठे आणि तोंड अधिक चपटे करत नेले. जबडा आणि नाकाचे हाड आखूड झाले, तरी आतले मांस त्या प्रमाणात कमी झाले नाही. त्यामुळे नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद असतात, मऊ टाळू लांब असल्याने घशात लोंबतो, आणि पुष्कळ बुलडॉगांची श्वासनलिकाही अंगाच्या मानाने बारीक असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, म्हणजे तोंडातल्या आणि घशातल्या ओलाव्याची वाफ होऊ देणे, हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग असतो. बुलडॉगचा नेमका तोच मार्ग अरुंद असतो. तो जोराने धापा टाकू लागला की अरुंद वाटेतून हवा ओढण्यासाठी स्नायूंना जास्त कष्ट पडतात, त्या कष्टाने अंग आणखी तापते, घशाला सूज येते आणि वाट आणखी आक्रसते. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

आता आपल्या गावाबद्दल. चैत्र लागल्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत आमच्याकडे फिरणे सूर्य वर येण्याआधी उरकले जाते. संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही डांबर आणि सिमेंट कितीतरी वेळ तापलेले असते, म्हणून रस्त्यावर हाताची पाठ टेकवून पाहावी. ती आपल्याला ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजेही तिथे ठेवू नयेत. दुपारी तो घरातच असतो. पत्र्याच्या छताखाली, गच्चीवरच्या खोलीत किंवा अंगणातल्या पिंजऱ्यात बुलडॉग ठेवण्याचा विचार असेल तर सोलापुरात तो पाळूच नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे पाण्याचा कूलर चांगले काम करतो, आणि जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर तो दिवसभर तिच्यावर पोट टेकवून पडून राहतो. मात्र रोहिणी सरून मृगाचे ढग येऊ लागले की हवेत दमटपणा येतो. तेव्हा कूलरचा उपयोग कमी होतो आणि धापा टाकून अंग थंड करण्याची कुत्र्याची क्षमताही त्याच वेळी घटते. तापमान उतरले म्हणून माणसे निर्धास्त होतात, पण मला जून महिना मेपेक्षा अधिक सावधपणाचा वाटतो. वीज गेल्यावर काय करायचे याची सोय आधीच करून ठेवावी. निदान एक पंखा चालेल इतका इन्व्हर्टर घरात असावा.

पाण्याची एक वेगळीच गोष्ट बुलडॉग घेणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरोघर जमिनीतला हौद असतो आणि पाणी भरताना त्याचे झाकण उघडे राहते. बहुतेक कुत्री पाण्यात पडली तरी हातपाय मारून तरंगतात. बुलडॉगचे डोके आणि छाती जड, मागचा भाग हलका आणि पाय आखूड असल्यामुळे तो बुडतो. हौदाला कडी असलेले झाकण हवेच, आणि पाणी भरताना कुत्रा दुसऱ्या खोलीत बंद हवा. शेततळे, विहीर आणि तलावाचा काठ यांनाही हाच नियम लावावा.

कातडीची निगा हा रोजचा भाग आहे. नाकावरच्या आणि तोंडाभोवतीच्या वळ्यांमध्ये ओलावा, अन्न आणि अश्रू साचतात आणि तिथे बुरशी वाढते. ओल्या मऊ कापडाने वळी पुसावी आणि नंतर कोरड्या कापडाने ती पूर्ण कोरडी करावी. ही दुसरी पायरी पहिलीहून महत्त्वाची आहे. शेपटी आखूड आणि अंगात वळलेली असेल तर तिच्या खालच्या खळग्यातही तसेच पाहावे लागते, कारण वास येईपर्यंत तिथली जखम दिसत नाही. पायांच्या बोटांमध्ये गळवे होणे आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून लाल गोळा बाहेर येणे हेही या जातीत नेहमीचे आहे. डोळ्याच्या त्या गोळ्यासाठी घरगुती उपाय करू नयेत. ती अश्रू तयार करणारी ग्रंथी असते आणि ती कापून टाकण्यापेक्षा जागेवर बसवणे योग्य असते, हे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

स्वभावाबद्दल मात्र मला मनापासून चांगलेच सांगायचे आहे. इतका घरात रमणारा, मुलांच्या ओढाताणीला न कंटाळणारा आणि माणसांच्या पायाशी बसून समाधानी राहणारा कुत्रा मी दुसरा पाहिलेला नाही. तो भुंकतो कमी. तो हट्टी असतो, पण तो हट्ट आक्रमक नसतो. आवडले नाही तर तो बसून राहतो आणि २५ किलोंचे कुत्रे बसून राहिले की त्याला हलवणे कठीण होते. शिकवणी थोडा थोडा वेळ आणि खाऊ देऊनच करावी. ओरडून काही साधत नाही आणि चिडवल्याने त्याचा श्वास वाढतो. तो घोरतो, लाळ गाळतो आणि पोटात वायू धरतो. घरातल्या सर्वांना हे आधी सांगून ठेवावे, विशेषतः ज्यांच्या खोलीत तो झोपणार आहे त्यांना.

आयुष्याबद्दलही मन घट्ट करून ठेवावे लागते. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्लिश बुलडॉगचे अपेक्षित आयुर्मान साडेसात वर्षांच्या आसपास आणि फ्रेंच बुलडॉगचे त्याहूनही बरेच कमी आले होते, तर सर्व जातींचे मिळून ते अकरा वर्षांच्या वर होते. चांगली देखभाल मिळालेले बुलडॉग याहून जास्तही जगतात. पण लॅब्रॅडोरच्या हिशोबाने अपेक्षा धरली तर दुःख पदरी येते.

प्रश्न जरूर विचारा.

वीणा_जुळेसोलापूर

दादा, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. आम्ही जुळे सोलापुरात चार मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, पण पाणी आणि वीज यांचा भरवसा नाही. दोन मुले आहेत, थोरली सहावीत आणि धाकटा दुसरीत. मी आणि हे दोघेही नोकरी करतो. सासूबाई दिवसभर घरी असतात, परंतु त्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे. मुलांनी बुलडॉगचा हट्ट धरला आहे. आमच्यासारख्या घरात तो राहू शकेल का? आणि भाकरी, भात, डाळ यांवर त्याचे भागेल का?

शहाबादी

वीणाताई, घराचा आकार ही अडचण नाही. बुलडॉगला अंगण लागत नाही, गार खोली लागते. सर्वांत वरचा मजला ही खरी अडचण आहे, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि त्याची धग रात्री उतरते. एका खोलीत एसी किंवा चांगला कूलर बसवून ती खोली त्याची म्हणून ठरवता आली तरच पुढे जावे. दुसरी अडचण जिन्याची आहे. लिफ्ट बंद पडली तर तापलेल्या दुपारी २५ किलोंचा कुत्रा चार मजले चढून येणे त्याच्या श्वासालाही आणि सांध्यांनाही झेपणारे नाही, आणि त्याला उचलून आणणे सासूबाईंच्या आवाक्यातले नाही. दिवसा घरात जे माणूस असेल, त्याला धापा आणि घरघर यांतला फरक ओळखता आला पाहिजे. गुळगुळीत टाइल्स असतील तर त्याच्या नेहमीच्या वाटेवर घसरणार नाही असे काही अंथरावे. जाड सोलापुरी चादरी त्या कामाला चांगल्या पडतात आणि धुताही येतात.

खाण्याबद्दल सांगायचे तर नुसती भाकरी आणि डाळ पुरणार नाही. त्याला प्रथिने हवीत. अंडी, शिजवलेले चिकन किंवा चांगल्या दर्जाचे तयार खाद्य आणि त्यासोबत भात किंवा ज्वारीची भाकरी, असे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मात्र आपल्या ताटातली भाकरी शेंगाचटणीला लावून त्याला देऊ नये, कारण चटणीत लसूण असतो. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात. द्राक्षे आणि मनुकाही वर्ज्य आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा भरपूर असल्यामुळे हे मुलांना मुद्दाम सांगावे. वजनाबद्दल घरातल्या सर्वांचे एकमत असू द्यावे. गुबगुबीत बुलडॉग गोड दिसतो, पण गळ्याभोवतीची चरबी त्याची श्वासाची वाट आणखी दाबते. हाताने चाचपल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत.

गुरांचा_दवाखाना

मी निवृत्त पशुवैद्यक आहे. सेवेतली माझी बहुतेक वर्षे गायी-म्हशींत गेली, तरी अखेरच्या काळात चपट्या तोंडाची कुत्री बरीच पाहिली. वर लिहिले आहे त्याला काही वैद्यकीय गोष्टी जोडतो.

घोरणे हा या जातीचा स्वभावच आहे, असे समजून पालक एका आजाराकडे दुर्लक्ष करतात. झोपेत थोडे घोरणे वेगळे आणि जागेपणी, काही श्रम नसताना घरघर ऐकू येणे वेगळे. चालताना मध्येच थांबून बसणे, जेवल्यावर फेस किंवा अन्न उलटून येणे, बसल्या बसल्या किंवा हनुवटी उंचावर टेकवून झोपणे, जीभ किंवा हिरड्या निळसर दिसणे ही सगळी श्वासमार्ग अडल्याची चिन्हे आहेत. अशा कुत्र्याच्या नाकपुड्या रुंद करण्याची आणि लांब टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया होते, आणि ती तरुणपणी झाली तर फायदा जास्त मिळतो. वर्षानुवर्षे जोर लावून श्वास घेतल्याने स्वरयंत्राची कूर्चा खचत जाते, आणि तसे झाल्यावर शस्त्रक्रियेने पूर्वीइतका आराम पडत नाही. या कामाचा सराव असलेले शल्यचिकित्सक शोधण्यासाठी पुण्याकडे किंवा शिरवळ आणि परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी. भूल कोणत्याही कारणाने द्यायची असो, त्या डॉक्टरांना बुलडॉगचा अनुभव आहे का हे विचारण्यात संकोच करू नये. या जातीत धोक्याची वेळ शस्त्रक्रिया संपल्यानंतरची असते. कुत्रा पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत श्वासाची नळी काढायची नसते आणि त्याच्याजवळ माणूस बसवायचा असतो.

उष्माघाताबद्दल नीट वाचावे. निरोगी कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे आणि आतडी यांना इजा होऊ लागते. धापा थांबत नाहीत, लाळ दाट आणि चिकट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, चाल अडखळते, उलटी किंवा जुलाब होतात. अशा वेळी कुत्र्याला आधी गार करावे आणि मग दवाखान्यात न्यावे. हा क्रम उलटा करू नये. सावलीत पंख्यासमोर ठेवून अंगावर, विशेषतः पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, साधे गार पाणी सतत ओतत राहावे. आपल्या गावात घरोघर टर्किश टॉवेल असतात आणि घाईत माणसे ओला टॉवेल कुत्र्यावर पांघरून ठेवतात. तसे करू नये. पांघरलेला टॉवेल थोड्याच वेळात अंगाच्या उष्णतेने तापतो आणि उष्णता आतच धरून ठेवतो. जबरदस्तीने तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. गाडीत नेताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात किंवा एसी लावावा. आणि तो सावरलेला दिसला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण आतल्या अवयवांची इजा नंतर उघड होते.

याखेरीज, आपल्या भागात गोचिडांमुळे होणारे ताप पुष्कळ दिसतात. कुत्रा मलूल झाला, जेवण सोडले, हिरड्या फिकट पडल्या तर रक्त तपासून घ्यावे. बुलडॉगच्या वळ्यांत, कानांत आणि बोटांमध्ये गोचीड सहज लपते. रेबीजची लस आणि इतर लसीकरण यांबद्दल नव्याने सांगायला नको.

मंगळवेढेकर

आमची शेतवस्ती गावापासून लांब आहे. ज्वारीच्या राखणीला आणि वस्तीवर धाक राहावा म्हणून दणकट कुत्रा हवा आहे. बुलडॉगचा चेहरा पाहूनच माणूस दबकतो, म्हणून विचार करत होतो. तो वस्तीवर राहील का?

शहाबादी

मंगळवेढेकर, नाही राहणार. चेहरा पाहून माणूस दबकतो हे खरे, पण तो अनोळखी माणसाजवळ शेपटी हलवत जातो, रात्री गाढ झोपतो आणि पळू शकत नाही. दुपारी झाडाखालच्या सावलीतही तो मे महिन्यात तग धरणार नाही. आपल्या माळरानासाठी तयार झालेले कुत्रे आपल्याच भागात आहे. सोलापूर, सांगली आणि पलीकडे विजापूर-बागलकोटच्या पट्ट्यात धनगर आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जे कारवान कुत्रे पाळत आले आहेत, ज्याला मुधोळच्या नावानेही ओळखतात, त्याचे लांब नाक, खोल छाती, पातळ कातडी आणि आखूड केस हे सगळे इथल्या उन्हाला साजेसे आहे. तेही रोज मोकळे पळवावे लागते आणि त्याला चांगले खाणे लागते. पण वस्तीवर त्याचे जगणे सुखाचे होईल.

साखरपेठ

आमच्या घरमालकांचे म्हणणे आहे की बुलडॉगवर सरकारने बंदी घातली आहे, त्यामुळे ते ठेवू देणार नाहीत. हे खरे आहे का?

शहाबादी

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या आणि त्यांच्या संकरित कुत्र्यांची विक्री, पैदास आणि परवाने यांवर बंदी घालण्यास सांगितले होते. त्या यादीत पिटबुल, रॉटवायलर आणि त्यांसोबत अमेरिकन बुलडॉग होता. इंग्लिश आणि फ्रेंच बुलडॉग नव्हते. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते पत्र रद्द ठरवले आणि इतर न्यायालयांतही त्याला आव्हान दिले गेले. घरमालकांना यादीतील नाव दाखवून शांतपणे समजावावे. त्याचबरोबर महापालिकेची नोंदणी आणि रेबीज लसीचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे. त्यांचा आक्षेप भीतीपोटी असेल तर एकदा असा प्रौढ बुलडॉग त्यांना प्रत्यक्ष भेटवणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे.

अक्कलकोटरोड

धागा माहितीपूर्ण आहे, पण वाचून कोणीही घाबरून जाईल असे वाटते. आमची मादी बुलडॉग सहा वर्षांची आहे, शस्त्रक्रिया करावी लागलेली नाही, आणि रोज सकाळी कंबर तलावापर्यंत आनंदाने चालत जाते. प्रत्येक बुलडॉग आजारी असतो असे चित्र उभे करणे त्या जातीवर अन्याय करणारे आहे. नीट निवडलेले पिल्लू आणि नीट ठेवलेले वजन एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

गुरांचा_दवाखाना

अक्कलकोटरोड, तुमची मादी चांगली आहे हे वाचून आनंद झाला, आणि तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. सगळे बुलडॉग सारखे नसतात म्हणूनच निवड महत्त्वाची ठरते. ब्रिटनमधील केनेल क्लब आणि केंब्रिज विद्यापीठ यांनी २०१९ पासून श्वासाची एक चाचणी सुरू केली आहे. कुत्र्याचा श्वास स्टेथोस्कोपने ऐकायचा, मग त्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने चालवायचे, पुन्हा ऐकायचे, आणि ० ते ३ अशी श्रेणी द्यायची. श्रेणी ३ च्या कुत्र्यापासून पैदास करायची नाही. आपल्याकडे पिल्लू घेताना कोणीही हीच गोष्ट साध्या रीतीने करू शकतो. आई-वडिलांना आपल्यासमोर थोडे चालवून दाखवायला सांगावे आणि त्यानंतर त्यांचा श्वास दोन हातांवरून ऐकू येतो का, हे पाहावे.

पण जातीवर अन्याय होतो हे मला मान्य करता येत नाही. अन्याय कुत्र्यावर आधीच झालेला आहे, त्याचे तोंड माणसाने चपटे केले तेव्हा. या जातीच्या पिल्लांचे डोके मोठे आणि मादीची कंबर अरुंद असते. ब्रिटनमधील एका पाहणीत बुलडॉगच्या ८० टक्क्यांहून अधिक वितींना सिझेरियन लागल्याचे दिसले. नॉर्वेत २०२२ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने या जातीची तिथली पैदास प्राणीकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली होती. अपिलात बुलडॉगपुरता तो निर्णय फिरला, तरी प्रश्न न्यायालयापर्यंत गेला यावरून त्याचे गांभीर्य कळावे. घरात मादी असेल तर हौस म्हणून तिच्यापासून पिल्ले घेण्याच्या फंदात पडू नये, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

अक्कलकोटरोड

आम्ही आमच्या मादीचे गर्भाशय डॉक्टरांच्या सल्ल्याने काढून घेतले आहे, त्यामुळे पैदाशीबद्दल आपले मत एकच आहे. आई-वडिलांचा श्वास ऐकण्याची सूचना मात्र मोलाची आहे. आमच्यासारखे बहुतेक जण फक्त पिल्लू पाहतात, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाचा श्वास ऐकून पुढचे काही कळत नाही.

वीणा_जुळेसोलापूर

एक पुढचा प्रश्न. एका विक्रेत्याने फोनवर फोटो पाठवले आहेत. पिल्लू ३५ दिवसांचे आहे, कागदपत्रे आहेत, बाहेरगावाहून रेल्वेने पाठवतो म्हणतात, आणि किंमत इतरांपेक्षा बरीच कमी आहे. आई-वडिलांना पाहता येणार नाही. काय करावे?

शहाबादी

वीणाताई, घेऊ नये. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दलचे २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणीकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. ३५ दिवसांचे पिल्लू आईपासून तोडणारा माणूस हा पहिलाच नियम मोडतो आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाची कागदपत्रे वंशावळ सांगतात. नाकपुड्या उघड्या आहेत की नाहीत हे सांगत नाहीत. रेल्वेच्या सामानाच्या डब्यातील कुत्र्यांच्या पेटीतून चपट्या नाकाचे पिल्लू पाठवणे हे तर उन्हाळ्यात त्याच्या जिवावर बेतू शकते. पुढेही प्रवासाबद्दल हे ध्यानात ठेवा. रेल्वेने न्यायचे तर पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे आरक्षित करून आपल्यासोबत न्यावे, आणि विमानाच्या सामानकक्षातून चपट्या तोंडाची कुत्री नेण्यास बऱ्याच कंपन्या नकार देतात तो त्यांच्या भल्यासाठीच आहे.

पिल्लू पाहायला स्वतः जावे. आईला भेटावे. नाकपुड्या गोल आणि उघड्या हव्यात, नाकावरची वळी डोळ्यांवर किंवा नाकपुड्यांवर आलेली नसावी, शेपटी अंगात रुतलेली नसावी, आणि दुर्मीळ रंगाच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नयेत. निळा किंवा तिरंगी रंग आरोग्याबद्दल काहीच सांगत नाही, आणि त्या रंगांच्या मागे लागलेले विक्रेते श्वासाकडे पाहत नाहीत.

पैशांचा हिशोब करताना पिल्लाची किंमत हा लहान भाग धरावा. उन्हाळ्यातले विजेचे बिल, कातडीची औषधे, डोळ्यांची किंवा श्वासमार्गाची एखादी शस्त्रक्रिया आणि पुण्याच्या फेऱ्या यांसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवता येत असेल तरच हा विचार करावा.

वीणा_जुळेसोलापूर

विक्रेत्याला नकार कळवला. घरात बोलणे झाले. मुलांना दोन्ही बाजू सांगितल्या आणि थोरलीने स्वतःच विचारले की आपली खोली तापते तर त्याला का आणायचे. आता असे ठरले आहे की आधी आतल्या खोलीला एसी बसवायचा, हा उन्हाळा ती खोली दुपारी किती गार राहते आणि वीज गेल्यावर किती लवकर तापते ते पाहायचे, आणि पावसाळ्यानंतरच पुढचा विचार करायचा. पिल्लाऐवजी एखादा प्रौढ बुलडॉग घर शोधत असेल तर तो घेणे सोयीचे पडेल का?

शहाबादी

माझ्या मते तुमच्या घरासाठी तेच अधिक योग्य आहे. बदली झाली, बाळ झाले, खर्च झेपेना अशा कारणांनी लोक बुलडॉग सोडू पाहतात आणि पुणे-मुंबईकडच्या प्राणीमित्र संस्थांकडे असे कुत्रे येत असतात. तीन-चार वर्षांच्या कुत्र्याचा श्वास, कातडी आणि सांधे कसे आहेत हे तपासून कळते. पिल्लाच्या बाबतीत तो अंदाजच राहतो. घेण्याआधी जुन्या दवाखान्याची फाइल मागून घ्यावी, वजन पाहावे, आणि गुरांचा_दवाखाना यांनी सांगितल्याप्रमाणे त्याला थोडे चालवून श्वास ऐकावा. त्याला मुलांसोबत आणि सासूबाईंसोबत एक-दोनदा भेटवावे. घरी आणण्यासाठी दिवाळीनंतरचा काळ चांगला, कारण फटाके संपलेले असतात आणि थंडी सुरू झालेली असते. मात्र तुमचे घर होम मैदानाच्या बाजूला नसले तरी जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या शोभेच्या दारूकामाचा आवाज पुष्कळ लांबवर येतो. त्या रात्री त्याला आतल्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, घरातले एक माणूस सोबत ठेवून बसवावे. घाबरून धापा टाकणे हे बुलडॉगला उन्हातल्या धापांइतकेच जड जाते.

गळ्यात पट्टा घालून ओढू नये, छातीचा हार्नेस घ्यावा. त्याचे माप प्रत्यक्ष कुत्र्यावर घालून पाहूनच घ्या. बुलडॉगची छाती इतकी रुंद असते की वजनावरून निवडलेला हार्नेस सहसा बसत नाही.